भांगातला रंग

संपादकबाईंनी फोनवर सांगितलं, "नीलाताई, पार्लरमधल्या गमतीजमती लिहा. दिवाळीत वाचकांना हलकंफुलकं लागतं." मी बरं म्हटलं. फोन ठेवून गमती आठवायला बसले, तर दोन दिवस एकच खुर्ची डोळ्यांपुढे येत राहिली. तेव्हा आधीच सांगून टाकते, ज्यांना फराळासोबत हसायचंय त्यांनी सरळ पुढच्या लेखाकडे जावं.

कर्वेनगरला आमच्या सोसायटीत तळमजल्यावर माझं पार्लर होतं. दोन खुर्च्या, एक बेसिन आणि दारावर पाटी : 'चपला बाहेर. मोबाइलवर बोलणेही बाहेर.' मूळची मी कसबा पेठेतली. लग्न होऊन नदीपलीकडे आले, हाच माझा आयुष्यातला मोठा प्रवास. एकतीस वर्षं बायकांच्या डोक्यात हात घालून काढली. त्यांच्या डोक्यात काय चाललंय ते कधी कळलं नाही, पण डोक्यावर काय लावलंय ते मी दारातूनच सांगायचे. त्यातून सोनेरी केस असले तर विचारूच नका. खरे की रंगवलेले, हे ओळखण्यात माझा हात धरणारं कोणी नव्हतं. असं मी म्हणायचे आणि लोकही म्हणायचे. तिथेच घात झाला.

ओळखतात कसं ते आधी सांगते, म्हणजे पुढचं नीट कळेल.

आपले केस मुळात काळे. ते सोनेरी करायचे तर आधी त्यातला काळा काढावा लागतो. ब्लीच लावलं की काळा केस आधी तांबूस होतो, मग नारिंगी, मग केळ्याच्या सालीच्या आतल्या बाजूसारखा पिवळा. त्यावर हवी ती सोनेरी छटा चढवायची. आयटीतल्या मुली मोबाइल नाचवत यायच्या, "मॅम, सेम हा शेड हवाय, आजच्या आज." मी म्हणायचे, "आजच्या आज टक्कलही पडेल. पाडू का?" असो. तर केस महिन्याला जेमतेम अर्धा इंच वाढतो आणि वाढतो तो मुळाकडून. त्यामुळे रंगवलेल्या डोक्याच्या भांगात दीड-दोन महिन्यांत गडद पट्टी दिसायला लागते. ही पहिली खूण. दुसरी, ब्लीच केलेला केस कोरडा पडतो, बोटांत चुरला की केरसुणीसारखा लागतो. तिसरी खूण भुवयांची. डोकं सोनेरी आणि भुवया काळ्याकुट्ट असल्या की पुढे काही बघायलाच नको.

जन्मजात सोनेरी केसाची तऱ्हा वेगळी. मराठी शिकायला आलेली एक जर्मन मुलगी माझ्याकडे टोकं कापायला यायची. तिच्या केसांना एक असा रंगच नव्हता. एक बट मधासारखी, शेजारची वाळल्या गवतासारखी, कपाळापाशी फिकट, मानेवर गडद. भुवया फिकट, पापण्या फिकट, हातावरची लवसुद्धा उजेडात चमकायची. ती एकदा तिच्या त्या शिकाऊ मराठीत म्हणाली, "लहान होते तेव्हा माझे केस जवळजवळ पांढरे होते, ताई. आता दर वर्षी जास्त काळे येतात. माझ्या आईचं पण असंच झालं." म्हणजे वयात येताना मुळाकडून गडद केस यायला लागतो आणि शेंडे तेवढे लहानपणचे, फिकट राहतात. हे मी लक्षात ठेवलं, चार गिऱ्हाइकांना ऐटीत ऐकवलंही. फक्त हे सगळं गोऱ्या लोकांचं, आपल्या इथे त्याचा काय संबंध, असं मनात कुठेतरी धरून चालले.

माझी कीर्ती झाली ती एका पाकिटामुळे. एक बाई आल्या, पर्समधून पाकीट काढलं, त्यात चार लांब सोनेरी केस.

"मुलाचं जमतंय. मुलगी घारी, सोनेरी केसांची आहे. म्हणजे ते लोक म्हणतात. जरा बघून सांगा."

"हे केस कुठून आणलेत?"

"त्यांच्या बेसिनवरच्या कंगव्यातून. हात धुवायला गेले होते ना मी."

बघायच्या कार्यक्रमाला जाऊन, पोहे खाऊन, बाई वर कंगवा लुटून आली होती! त्याच क्षणी तिला पाकिटासकट बाहेर काढायला हवं होतं. पण कौशल्याची परीक्षा आहे म्हटल्यावर मला कुठला धीर? मी केस उजेडात धरला. मुळाशी दोन बोटं काळा, मग एकदम रेघ मारल्यासारखा पिवळा. "रंगवलेला आहे," मी म्हटलं. त्या लग्नाचं पुढे काय झालं मला माहीत नाही. बाई पेढे घेऊन आल्या नाहीत एवढं खरं. पण जाऊन सगळीकडे सांगितलंन्, आणि मी कर्वेनगरातली तज्ज्ञ ठरले. कुणाच्या तरी मुलीचं नुकसान करून तज्ज्ञ झाले, हे तेव्हा डोक्यातसुद्धा आलं नाही.

आता माझ्या स्वतःच्या केसांविषयी. आमच्या माहेरी सगळे घारे आणि पिंगट. लहानपणी येणारा-जाणारा माझी वेणी हातात घेऊन म्हणायचा, "काय बाई सुंदर, सोन्याची तार नुसती!" शाळेत कधी कोणी मला विचारलं नाही की केसांना काय लावतेस. पंचेचाळिशीला डोकं पांढरं व्हायला लागलं. तेव्हापासून दर तिसऱ्या आठवड्याला पार्लरचं दार आतून लावून मी स्वतःच मधासारखा रंग चढवायचे. गिऱ्हाइकं म्हणायची, "तुमचं काय बाई, देवानेच दिलंय!" मी हसून विषय बदलायचे. कोणी शंकाही घेतली नाही. आडनाव ऐकलं, डोळे पाहिले की लोकांची खात्री पटायची.

पाकिटाची गोष्ट जवळच्या एका शाळेतल्या पर्यवेक्षिकाबाईंच्या कानावर गेली. त्या माझ्याकडे नेहमी यायच्या. थंडीचे दिवस होते. त्यांचा फोन आला, "अहो, नववीतली एक मुलगी केस रंगवून येते. मुळीच कबूल करत नाही. आई कुठे चाकणला कंपनीत असते, शाळेत भेटायला आली की तीही लेकीचीच री ओढते. तुम्ही एकदा येऊन बघा, म्हणजे सोक्षमोक्ष लागेल."

मी इस्त्रीची साडी नेसून गेले. हो, खास नेसले.

ऑफिसकडे जाताना व्हरांड्यात एक मुलगी आडवी गेली. दोन वेण्या, पिंगट, उन्हात चकाकणाऱ्या. मी थांबून म्हटलं, "हीच का?"

"छे हो!" पर्यवेक्षिकाबाई हसल्या. "तिच्या घराण्यातच आहेत तसे. तिच्या आजीला नाही का पाहिलंत तुम्ही?"

मी मान डोलावली. केसाला हातही न लावता मला पटलं.

ऑफिसात मुख्याध्यापिकाबाई होत्या आणि भिंतीला टेकून ती मुलगी. वय चौदा. मयूरी तिचं नाव. गहूवर्णी, किडकिडीत, मांड्यांपर्यंत लांब दोन वेण्या, त्या खाली खाली फिकट होत गेलेल्या, शेंड्यांशी तर चक्क सोनेरी. मी पहिला प्रश्न काय विचारला असेल? "आडनाव काय गं तुझं?"

तिने सांगितलं. ते मी इथे लिहीत नाही. लिहिलं तर तुमच्यातले निम्मे लोक वाचतावाचता तेच करतील जे मी त्या क्षणी केलं. माझा निकाल तिथेच लागला होता. केस बघणं हा नुसता उपचार उरला होता.

"गाव?"

"वर्ध्याकडचं. पण मी पहिलीपासून इथेच आहे."

मी भांग पाहिला. मुळाशी गडद तपकिरी. बघा, म्हटलं, ही पहिली खूण. शेंडा बोटांत चुरला. कोरडा, खरखरीत. दुसरी खूण. "कुठे राहतेस?" "शिवण्याला." आता शिवण्याकडे कित्येक घरांत बोअरचं जड पाणी. त्या पाण्याने चांगल्या चांगल्या केसांचा काथ्या होतो, हे मीच निम्म्या गिऱ्हाइकांना सांगत आले होते. त्या दिवशी मला बोअर आठवली नाही. मग भुवया पाहिल्या. काळ्या होत्या, पण जरा जास्तच काळ्या. मी अंगठ्याने एक भुवई पुसली. अंगठ्याला काळं लागलं.

"अरे वा, भुवयापण रंगवतेस!" मी अंगठा सगळ्यांना दाखवला.

"मुलं चिडवतात म्हणून लावते," मयूरी म्हणाली. "पांढरी भुवई म्हणतात मला. केसांना मी काहीच लावत नाही, बाई. देवाशप्पथ."

पर्यवेक्षिकाबाई फस्सकन हसल्या. मी अंगठा रुमालाला पुसला. त्या पोरीच्या कपाळावर, माझ्यापासून वीतभर अंतरावर, पुसलेल्या काळ्याखाली काय होतं ते मी बघितलंच नाही. इतक्या वर्षांचा अनुभव म्हणे! डोंबलाचा अनुभव.

"रंगवलेले आहेत," मी म्हटलं. "ब्लीच. दोन-तीन महिन्यांपूर्वीचं असेल."

मुख्याध्यापिकाबाईंनी मयूरीला सांगितलं, सोमवारपर्यंत केस काळे करून यायचे, नाहीतर आईला घेऊन दाखला न्यायला यायचं. आणि खोटं बोलल्याबद्दल सगळ्या वर्गासमोर माफी मागायची. मयूरी रडली नाही. ती माझ्याकडे वर बघत होती. डोळ्यांकडे नव्हे, त्यांच्याही जरा वर. मला वाटलं, काय उद्धट कार्टी आहे.

आणि मग माझ्यातली दयाळू बाई जागी झाली. मी म्हटलं, "घरी काहीतरी स्वस्तातलं लावून डोक्याची वाट लावतील. रविवारी माझ्याकडे पाठवा. मी करून देते, एक पैसा घेणार नाही." दोघी बाईंनी माझ्याकडे अशा कौतुकाने पाहिलं की मी फुगले.

रविवारी आई तिला घेऊन आली. बारीक चणीची, डोक्यावरून ओढणी घेतलेली बाई. पाटी वाचून दोघींच्या चपला काढून नीट भिंतीशी लावल्या. आत आली ती हात जोडूनच.

"बाई, माही पोरगी खोटं नाही बोलत जी. तिच्या बापाचे बी असेच होते. ते गेले तेव्हा ही पाच वर्षांची होती. तेव्हापासून तिनं केसाले कात्री लावू देली नाही मले. शेंडे बाबाच्या वेळचे हायेत म्हणते." मग एकदम घाईने म्हणाली, "पण तुम्ही करून द्या काळे. तिचं वर्ष नाही गेलं पाहिजे."

मी म्हटलं, "बसा तिकडे." कितीतरी आया लेकींसाठी कितीतरी गोष्टी रचतात, ही त्यातलीच एक, असं मला वाटलं.

रंग कालवला. मयूरीला खुर्चीत बसवलं, वेण्या सोडल्या, केसांचे चार भाग केले आणि मानेकडून लावायला घेतलं. मागचे दोन भाग झाले. पुढचे घ्यायला मी वळून तिच्या समोर आले. स्वेटर काढून ठेवला होता. खिडकीतून ऊन तिच्या हातांवर पडलं होतं.

हातावरची लव सोनेरी होती.

मी भुवया पाहिल्या. त्या दिवशी तिने पेन्सिल लावली नव्हती. फिकट, जवळजवळ पिवळ्या. पापण्यांची टोकं फिकट. मी पुढची बट उचलून उजेडात धरली. मुळाशी तपकिरी, मग मध, मग गवत, आणि शेंड्याला अगदी बाळाच्या जावळाचा रंग. कुठेही रेघ नव्हती. शेंडा निमुळता होता, कधीच न कापलेल्या केसाचा असतो तसा. त्या जर्मन मुलीचं वाक्य मला अख्खं आठवलं.

मागच्या भागांना रंग लावून पाच मिनिटंही झाली नव्हती. तेवढ्यात बेसिनवर नेऊन खळखळून धुतलं असतं तर बराचसा निघाला असता. हे मला माहीत होतं. माझा तर धंदाच होता तो. फक्त शाळेत फोन करून म्हणावं लागलं असतं, "माझं चुकलं हो. ती खरं बोलत होती."

मी वाटीत ब्रश बुडवला आणि तिसरा भाग लावायला घेतला.

का, म्हणून मला विचारू नका. मी स्वतःला हजारदा विचारून झालंय. हात थांबत नव्हते असलं काही मी सांगणार नाही. ते छान थांबले असते. मलाच तोंडघशी पडायचं नव्हतं. त्या दोघी बाईंपुढे, कर्वेनगरापुढे, आणि खरं तर भिंतीशी चपला लावून बसलेल्या त्या बाईपुढे.

केस धुतले, वाळवले. काळेभोर, चकचकीत. मयूरीने आरशात पाहिलं आणि शेंडे पुढे घेऊन हातात धरले.

"परत येतील ना पहिल्यासारखे?" तिने विचारलं.

मुळाकडून आता तपकिरीच केस यायचे होते. सोनेरी जे काही होतं ते तिच्या हातातल्या शेंड्यांतच होतं, आणि ते मी नुकतंच काळं केलं होतं.

"येतील की," मी म्हटलं. "दोन-तीन वर्षं लागतील."

तिची आई माझ्या पाया पडायला वाकली. मी मागे सरले, पण ती वाकलीच.

सोमवारी मयूरीने वर्गासमोर माफी मागितली, असं पर्यवेक्षिकाबाईंनी मला कौतुकाने कळवलं. "तुमच्यामुळे बाकीच्यांनाही वचक बसला." मी म्हटलं, "चांगलं झालं." फोन करून खरं सांगायचं मी त्यानंतर बऱ्याचदा ठरवलं. आधी म्हटलं, परीक्षा होऊ दे. मग म्हटलं, सुट्टी लागली. मग त्या बाई निवृत्त झाल्या आणि आता कुणाला सांगायचं, असं एक सोयीचं कारण मिळालं. लोकांच्या केसांबद्दल मत द्यायचं मात्र मी बंद केलं. कोणी विचारलं की म्हणायचे, "मला नाही कळत." लोकांना वाटायचं, काय ही नम्रता!

गेल्या वर्षी पार्लर बंद केलं. गुडघे उभं राहू देईनात. शेवटच्या आठवड्यात, दुपारची, एक तरुण मुलगी आली. चपला बाहेर काढल्या, भिंतीशी नीट लावल्या. ते पाहूनच मी हातातला कंगवा खाली ठेवला.

"ओळखलंत?" तिने विचारलं.

खांद्यापर्यंत केस, मुळापासून शेंड्यापर्यंत एकसारखे गडद तपकिरी. भुवयाही आता गडद झाल्या होत्या. कुठल्याशा कंपनीत टेस्टिंगला आहे म्हणाली. आई बरी आहे, चाकणलाच आहे म्हणाली. मी तिला बसवलं, तिच्यामागे उभी राहिले आणि आरशातून बोलले. समोरासमोर बोलायची छाती नव्हती.

"मयूरी, तुझे केस खरे होते."

"हो," ती म्हणाली. "मला माहितीये."

"मला त्या रविवारीच कळलं होतं. अर्धं डोकं झालं होतं तेव्हा."

हे तिला माहीत नव्हतं. मला वाटलं, आता उठेल, काहीतरी बोलेल. चार शिव्या घातल्या असत्या तर मला बरंच वाटलं असतं. ती आरशात माझ्याकडे पाहत राहिली, डोळ्यांच्या जरा वर, तश्शीच.

"काकू, तुमचे रंगवलेले होते ना?" ती म्हणाली. "शाळेत तुम्ही माझी भुवई पुसायला वाकलात ना, तेव्हा तुमच्या भांगात पांढरं दिसलं होतं मला. एवढंसं."

माझा हात नकळत भांगाकडे गेला.

"मग तेव्हाच बोलली का नाहीस?"

"कुणाला? मी माझ्याच केसांबद्दल सांगत होते तर कुणाला खरं वाटत नव्हतं."

मी कात्री उचलली, परत ठेवली. कंगवा उचलला. तिने टेबलावरचा टॉवेल घेऊन स्वतःच खांद्यावर टाकला.

"टोकं तेवढी कापा," ती म्हणाली. "आणि हात लावण्याआधी विचारत जा."

"कापू?" मी विचारलं.

"कापा."